व्हर्नासाठी पॅटी

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला सोबत हवी होती, म्हणून मी लंडनला गेले. "मला काही लागत नाही गं, पण घरात माणूस असलेलं बरं," असं ती फोनवर म्हणाली होती. कॉलेजातून निवृत्त होऊन मला चारच महिने झाले होते, नागपुरात ऊन तापायला लागलं होतं, नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. क्रॉयडनच्या तिच्या घरी मी तीन आठवडे राहिले. लिहायचं आहे ते शेवटच्या आठवड्याबद्दल. त्या आठवड्यात आम्ही दोघी, एकोणऐंशी वर्षांची भूलतज्ज्ञ आणि अठ्ठावन्न वर्षांची केमिस्ट्रीची मास्तरीण, एका खाद्यपदार्थासाठी लंडनभर फिरलो, आणि तो पदार्थ आमच्यापैकी कोणीच खात नाही.

कुसुमआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आली तेव्हा मी लहान होते. आमच्या घरात तिचं नाव उदाहरण म्हणून घेतलं जायचं. इतकी वर्षं परदेशात राहिली, पण संकष्टी सोडली नाही, घरात देव आहेत, मासे-मटण खाते पण बीफला कधी शिवली नाही, असं आबा, म्हणजे माझे आजोबा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. विमानतळावर त्यांनी तिच्याकडून तसा शब्दच घेतला होता.

सोमवार, थॉर्नटन हीथ

आत्याची सगळ्यात जुनी मैत्रीण व्हर्ना थॉर्नटन हीथच्या एका केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात होती. मूळची जमैकाची, वय चौऱ्याऐंशी. आत्या पहिल्यांदा नोकरीला लागली त्या हॉस्पिटलात ती वॉर्ड सिस्टर होती. आता व्हर्नाला बरंचसं आठवत नाही. आत्याला ती ओळखते, पण कधी 'डॉक्टर' म्हणते, कधी नुसतंच हसते.

त्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा तिच्यासमोर जेवणाचं ताट तसंच होतं. ब्लेसिंग नावाची तिथली केअरर म्हणाली, "चार दिवस झाले, नीट जेवत नाहीत. सारखं एकच मागतात, पॅटी. मी आणून दिली होती. एक घास घेतला आणि टिश्यूत गुंडाळून ठेवली."

व्हर्ना खिडकीतून बाहेर बघत होती. तिने मान न वळवता सांगितलं, "ती पुठ्ठ्याच्या खोक्यातली होती."

ते खरं होतं. ब्लेसिंगने सुपरमार्केटमधली फ्रोझन पॅटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिली होती.

"मग कुठली हवी?" आत्याने विचारलं.

"पुलाखालच्या खिडकीची," व्हर्ना म्हणाली.

आत्याचा चेहरा बदलला. ब्रिक्स्टनला रेल्वेच्या कमानीखाली एका जमैकन माणसाची छोटी बेकरी होती. बेकरी कसली, भिंतीतली एक खिडकीच. हॉस्पिटलच्या नर्सेस ड्यूटी संपली की तिथे जायच्या. ती बंद होऊनही खूप वर्षं झाली होती.

बाहेर पडताना ब्लेसिंगने आणखी एक गोष्ट सांगितली. व्हर्नाचा भाचा बर्मिंगहॅमला राहतो. तो शनिवारी सकाळी अकरा वाजता येऊन तिला त्याच्या घराजवळच्या होममध्ये घेऊन जाणार होता. बर्मिंगहॅमला या गुडघ्यानिशी आत्या कितीदा जाणार होती, हे आम्हा तिघींना कळत होतं.

बस स्टॉपवर आत्या म्हणाली, "उद्या ब्रिक्स्टनला जाऊ. फिजिओने चालायला सांगितलंच आहे."

मंगळवार, ब्रिक्स्टन

पॅटी म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्याकडे बेकरीत मिळतं त्या पॅटिसचीच ही लांबची बहीण, पण आकाराने करंजी. कडेला कातण्याची नक्षी नसते, काट्याने दाबलेल्या रेघा असतात. वरचं आवरण हळदीमुळे पिवळंधमक. आत बारीक मसालेदार खिमा, बहुतेकदा बीफचा. काही लोक ती आख्खी पॅटी मऊसर गोड पावात घालून खातात. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या दोन मुली तेच करत होत्या. ते बघून मला वडापाव आठवला आणि त्या मुली एकदम ओळखीच्या वाटायला लागल्या.

ब्रिक्स्टनच्या बाजारात मी नागपूरच्या गोकुळपेठेत फिरावं तशी फिरले. सुरणाच्या गड्ड्यांएवढे याम नावाच्या कंदाचे तुकडे, हिरवी आणि काळपट केळी, बर्फावर डोळे वटारून पडलेले मासे, दुकानादुकानांतून वेगवेगळी गाणी. आत्या काठी टेकत पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. तीन दुकानांतून आम्ही तीन पॅट्या घेतल्या आणि चौकातल्या बाकावर जाऊन बसलो.

आता प्रश्न असा होता की यातली बरी कुठली, हे ठरवायचं कोणी? मी आत्याकडे पाहिलं. तिने पहिली पॅटी कागदासकट उचलली, मधोमध मोडली, नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"ही नाही."

दुसरी मोडली. "ही पण नाही."

शेजारच्या बाकावर एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्यावर हॅट, पायाशी बटाट्यांची पिशवी. ते बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही ती खाणार आहात की तिचं ऑपरेशन करणार आहात?"

"ऑपरेशन मी करत नव्हते," आत्या गंभीरपणे म्हणाली, "मी भूल द्यायचे."

त्यांना हसू आलं. आत्याने त्यांना सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, "तुम्ही खाऊन सांगाल का? आम्ही दोघी खात नाही."

त्यांचं नाव मिस्टर लॉइड. आयुष्यभर लंडनची बस चालवलेले. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला आणि एकेका पॅटीचा एकेक घास, मध्ये पाण्याचा घोट घेत, परीक्षकासारखा खाल्ला. पहिलीचं आवरण चांगलं, पण आत खिमा घालताना हात आखडलेला. दुसरीत तिखट इतकं की बाकी काही कळत नाही. तिसरी बरी. "पण बघा," त्यांनी स्वतःच्या कोटाकडे बोट दाखवलं, "चांगली पॅटी खाल्ली की कपड्यांवर पापुद्रे सांडतात. माझा कोट स्वच्छ आहे."

पुलाखालची खिडकी त्यांना माहीत होती. म्हातारा बेकर कधीच गेला, पण त्याची मुलगी मार्शिया नदीपलीकडे हार्ल्सडेनला भाजते. "फक्त शुक्रवारी. आणि ती बापासारखीच, थाइमची पानं घालताना हात आखडत नाही." त्यांनी एका कागदावर रस्ता लिहून दिला. मग थोडं थांबून विचारलं, "मॅडम, एक विचारू? तुम्ही खात नाही, तर तुम्हाला नुसत्या वासावरून कसं कळतं?"

आत्याने पॅट्यांचे कागद गोळा केले. त्यांचे आभार मानून ती काठी घेऊन उठली.

तोच प्रश्न माझ्याही मनात होता. परतीच्या बसमध्ये आम्हाला पुढची सीट मिळाली. बस स्ट्रेटमला पोचेपर्यंत ती काठीच्या मुठीशी चाळा करत होती. मग म्हणाली, "मंजू, मी खाल्लेली आहे ती."

मी तिच्याकडे वळले.

"पहिला हिवाळा होता. दिवसभरात दोन इमर्जन्सी झाल्या. सकाळपासून पोटात काही नाही, कँटीन बंद. मी स्टाफरूममध्ये भिंतीला टेकून उभी होते. व्हर्नाने तिच्या पिशवीतली पॅटी काढली. मीट आहे, चालेल का, म्हणाली. मला वाटलं मटण. घरी आपण खायचोच की. चालेल म्हटलं. तिचा स्वतःचा डिनर होता तो. सगळा मला दिला."

"मग?"

"मग आठवड्याने कोणीतरी बोलता बोलता म्हणालं, बीफ पॅटी. मी तशीच वॉर्डात गेले. पेशंट होते, नर्सेस होत्या. सगळ्यांसमोर तिला म्हणाले, तुम्ही लोक काहीही खाता आणि दुसऱ्यालाही खायला घालता." आत्या समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "तुम्ही लोक. तिला ते रोज कोणी ना कोणी ऐकवत होतं, मंजू. पेशंट तिचा हात झटकायचे. आणि मी, मला स्वतःला येऊन तीन महिने झाले होते, मी पण तेच म्हणाले."

तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी आत्याच्या टेबलावर कागदाची पिशवी होती. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कोबी, गाजर, दुसरं काही नाही.' आत्या जाऊन थँक यू म्हणाली. तिथून मैत्री सुरू झाली आणि पुढे घट्ट होत गेली. आत्याच्या यजमानांच्या शेवटच्या आजारात व्हर्ना रोज संध्याकाळी येऊन बसायची.

"पण सॉरी राहिलं ते राहिलंच," आत्या म्हणाली. "आधी लाज वाटली. मग वाटलं, आता कशाला काढायचं. आता तर तिला धड आठवतही नाही."

"आबांना माहीत होतं?"

"कोणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय." थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आणि चांगली लागली होती गं. त्याचाच जास्त राग आला होता मला. ओव्यासारखा काहीतरी वास होता तिला. तो डोक्यातून गेलाच नाही."

लहानपणापासून ऐकलेली आत्या आणि शेजारी बसलेली आत्या यांचा मेळ घालायला मला थोडा वेळ हवा होता. मग जे येत होतं तेच बोलले. "थाइम आणि ओवा, दोन्हींत एकच द्रव्य असतं. थायमॉल. म्हणून तुला तो ओव्यासारखा वाटला."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीण ती मास्तरीणच," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला.

बुधवार आणि गुरुवार, क्रॉयडन

गुडघा सुजला. फिजिओ म्हणून येणाऱ्या तरुण मुलीने आत्याला झापलं. चालायला सांगितलं होतं, बाजार पालथा घालायला नाही. दोन दिवस आम्ही बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून टीव्ही बघितला. मी वरणफळं केली. बागेत कोल्हा आला, तो मी पाहिला. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, आपल्याकडे मांजर यावं तसा तो येतो.

गुरुवारी मी म्हणाले, "उद्या मी एकटी जाते. ओव्याचा वास मलाही कळतो."

"तुला ओव्याचा कळतो," आत्या म्हणाली. "त्या पॅटीचा नाही कळणार."

शुक्रवार, हार्ल्सडेन

पाऊस भुरभुरत होता. वाटेत एका स्टेशनवर लिफ्ट बंद निघाली आणि आत्याने पंचेचाळीस पायऱ्या एकेक करत, कठड्याला धरून पार केल्या. मी मोजल्या, कारण दर दहाला ती थांबून "किती झाल्या?" विचारत होती. हार्ल्सडेनच्या मोठ्या रस्त्याला लागून एका गल्लीत मिस्टर लॉइडनी लिहिलेलं दुकान सापडलं. न्हाव्याच्या दुकानाच्या मागे एक दार, दारावर पाटीसुद्धा नाही.

आत्या दारातच थांबली. आतून गरम वाफ येत होती, त्यात लवंग-दालचिनीसारखं काहीतरी, मिरचीचा ठसका, आणि त्या सगळ्याच्या वर ओवा. मलासुद्धा ओळखता आला.

"हीच," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

मार्शिया साठीची असेल. कोपरापर्यंत पीठ, डोक्याला फडकं. आम्ही कोण, का आलो, हे तिने लाटता लाटता ऐकून घेतलं. तिचं लाटणं आपल्याकडच्यासारखंच लांब आणि बारीक होतं. "पप्पांच्या खिडकीवर खूप नर्सेस यायच्या," ती म्हणाली. "मी लहान होते, मी आतल्या बाजूला स्टुलावर बसायचे. मला चेहरे दिसायचे नाहीत. फक्त आत येणारे हात दिसायचे. तुमच्या मैत्रिणीचे हातही त्यातलेच कुठले तरी असतील."

मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. तो बघून तिने मान हलवली. "यात घातली तर स्वतःच्याच वाफेने भिजेल. उद्यापर्यंत तिचं ओलं फडकं होईल." मग तिने विचारलं, "घरी ओव्हन आहे ना? मग कच्च्या घेऊन जा. उद्या सकाळी भाजा आणि गरम गरम खायला द्या. पप्पा गरमच द्यायचे."

मी आत्याकडे बघितलं. डब्यातून बाहेरच्या बाहेर नेणं वेगळं आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजणं वेगळं.

"किती वेळ भाजायच्या?" तिने विचारलं.

मार्शियाने चार कच्च्या पॅट्या बर्फाच्या पिशवीत बांधून दिल्या. आम्हाला मात्र तिने तसंच जाऊ दिलं नाही. कोबी-गाजराच्याही ती करते, वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या तुपात. त्यातल्या दोन आमच्या हातात ठेवल्या आणि काउंटरपाशीच खायला लावल्या. पहिल्याच घासाला आवरणाचे पापुद्रे माझ्या शालीवर, आत्याच्या रेनकोटवर आणि जमिनीवर उडाले. आत कोबी मऊ पण पिचका नाही, मिरची आधी गोडसर लागते आणि मग कानापर्यंत चढते. मी आणखी एक मागून घेतली. आत्या अर्धी खाऊन नुसतीच उभी राहिली, हातात उरलेली अर्धी धरून. मार्शियाने तिला काही विचारलं नाही. एक स्टूल पुढे सरकवलं आणि परत लाटायला लागली.

शनिवार, सकाळ

आत्याचे देव स्वयंपाकघरातच आहेत, फ्रिजच्या बाजूच्या फळीवर. अंघोळ, पूजा झाल्यावर मी म्हणाले, "तू बाहेर बस. मी भाजते."

"नको. मीच भाजते."

"देवांसमोर पडदा ओढू का?"

"कशाला?" तिने ओव्हन लावला. "मी त्यांना सकाळीच सांगितलंय."

तिने रोजचाच ट्रे घेतला. पॅट्या मांडल्या, वरून मार्शियाने सांगितल्याप्रमाणे फेटलेलं अंडं ब्रशने लावलं. ऑपरेशनआधी हात धुवावेत तसे कोपरापर्यंत हात धुतले आणि ओव्हनच्या काचेसमोर खुर्ची घेऊन बसली. वीस मिनिटांनी घरभर तो वास भरला. मी विचारलं, "या ट्रेचं नंतर काय करायचं?"

"घासून ठेवायचा," आत्या म्हणाली.

भाजलेल्या पॅट्या कागदात गुंडाळून आम्ही टॅक्सीने निघालो. सव्वादहाला पोचलो. व्हर्ना कोट घालून, हातात पर्स घेऊन, सुटकेसशेजारी बसली होती. कुठे जायचंय हे तिला माहीत नव्हतं, पण कोट घातलाय म्हणजे जायचंय, एवढं कळत होतं, आणि ती घाबरलेली दिसत होती.

आत्या तिच्यासमोरच्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि तिने कागद उघडला. व्हर्नाने वाकून वास घेतला. पर्स बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी पॅटी उचलली, एक घास घेतला, मग दुसरा. ब्लेसिंग प्लेट घेऊन आली ती दारातच थांबली. पापुद्रे व्हर्नाच्या निळ्या कोटावर सांडत होते आणि ती ते झटकत नव्हती.

"खिडकीची आहे," ती म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. मग तिने इंग्रजीत, सावकाश, जणू आधी पाठ करून आल्यासारखं सांगितलं, "व्हर्ना, तू मला एकदा अशीच पॅटी दिली होतीस. मी नंतर तुला सगळ्यांसमोर बोलले. 'तुम्ही लोक' म्हणाले. मी तसं बोलायला नको होतं. मला माफ कर. इतकी वर्षं मी हे म्हटलं नाही."

व्हर्ना चावत राहिली. तिने आत्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. आठवायचा प्रयत्न करत होती हे दिसत होतं.

"तेव्हा सगळेच म्हणायचे," ती शेवटी म्हणाली. "तू म्हणाल्याचं मला आठवत नाही, डॉक्टर."

आत्याचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली. ब्लेसिंगला वाटलं असावं, पाहुण्यांनाही द्यावं. ती प्लेटमध्ये दुसरी पॅटी ठेवून आत्याच्या पुढे करायला लागली. व्हर्नाने तिचा हात धरला.

"हिला नको," ती स्पष्ट आवाजात म्हणाली, वॉर्ड सिस्टर बोलते तसं. "ही हे खात नाही. हिला दुसरं काहीतरी आण. आणि आधी विचार, त्यात काय आहे ते."

ब्लेसिंग चहा आणि दोन बिस्किटं घेऊन आली. व्हर्नाने बिस्किटाचं पाकीट मागवलं, डोळ्यांजवळ नेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि मग ते माझ्याकडे दिलं. मी वाचून सांगितलं, पीठ, साखर, लोणी. तिने मान डोलावली. आत्याने एक बिस्किट खाल्लं, मग दुसरं. तिचं खाऊन संपेपर्यंत व्हर्नाने स्वतःच्या उरलेल्या पॅटीला हात लावला नाही.